खिडकीतली शिबंदी

६ फेब्रुवारी

डावा पाय मोडला. नडगीचं हाड. दुकानाच्या पाटीवरचा दिवा बदलायला मी स्टुलावर चढलो आणि माझ्याआधी स्टूल खाली आलं. धाकटी आदल्या दिवसापासून म्हणत होती की इलेक्ट्रिशियनला बोलावू. दिवा बदलायला वेगळा माणूस कशाला लागतो, असं मी तिला वरूनच सांगत होतो. वाक्य पुरं झालं तेव्हा मी फुटपाथवर होतो.

हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि जिना बंद केला. आमचं चष्म्याचं दुकान खाली आणि घर त्याच्याच वर, त्यामुळे माझ्यापुरतं दुकानही बंद. मी डोळे तपासतो, धाकटी काचा घासून फ्रेममध्ये बसवते. वडील गेल्यापासून आम्हा भावाबहिणीचं असंच चाललंय. आता एकटी काय करणार, असं तिला विचारलं तर म्हणाली, "होईल रे दादा." तिला पहिल्यापासून कशाचं काही वाटत नाही. असा स्वभाव एका अर्थी बरा.

वेळ जावा म्हणून लिहायला घेतलंय. मनातलं वगैरे नाही, घडेल तेवढंच.

१० फेब्रुवारी

काही घडलं नाही. छताच्या पंख्याचं एक पातं बाकीच्या पात्यांपेक्षा मळकं आहे. का, ते कळत नाही.

१३ फेब्रुवारी

काचवाला भेटायला आला. घाऊक व्यापाऱ्याकडून आमच्या काचा तोच आणतो, कित्येक वर्षं झाली. सुरुवातीला बराच काळ मी त्याला दाराबाहेरच उभा करायचो, कारण विक्रेत्याला आत घेतलं की तो बसतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, बोलायला गोड. पूर्वी पंधरवड्यातून एकदा यायचा, हल्ली आठवड्यातून दोनदा येतो. काचांचा खप वाढला असावा.

आज त्याने स्वतःचा जुना लॅपटॉप आणला, त्यात एक खेळ घालून. हजारो वर्षांपूर्वीचा काळ. नदीकाठी चार झोपड्या आणि मूठभर माणसं आपल्याला मिळतात. त्यांच्याकडून शेती करून घ्यायची, कोठारं बांधायची, तट उभारायचे, भालाईत आणि रथ जमवायचे आणि होता होता साम्राज्य करायचं. मी माझी चाल खेळायची, मग काचवाल्याने सवडीने त्याच्या बाजूची. त्याची चाल आली की लॅपटॉप टुंग वाजतो. आम्ही दोघं मित्रराजे. उत्तरेला तिसरा एक राजा आहे, त्याला यंत्रच खेळवतं, आणि तो कायम चिडलेला असतो.

मी म्हटलं, "असले पोरखेळ मला जमायचे नाहीत."

"थोडा वेळ बघा साहेब. नाही आवडलं तर परत नेतो."

तो गेला कधी ते मला कळलं नाही. धाकटी जेवायला हाका मारून कंटाळली आणि शेवटी ताट पलंगावर ठेवून गेली.

१५ फेब्रुवारी

खेळ बरा आहे. आपल्या नगरांना आपण नावं द्यायची असतात. माझ्या राजधानीचं नाव मी 'शून्य' ठेवलं. पुढची 'पाव', 'अर्धा', 'पाऊण'. चष्म्याचा नंबर चढतो तसं राज्य चढेल.

काचवाल्याने त्याच्या राजधानीचं नाव ठेवलंय 'खिडकी'. राजधानीला असं नाव कोणी देतं का? जन्मभर काचा विकल्या की माणसाला दुसरं सुचत नाही. धाकटीला दाखवलं तर ती हसली आणि कपबशा उचलून आत गेली. तिलाही खिडकीचं वेड आहे म्हणा. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे ती काचा घासते, तिथे भिंतीत खिडकी पाडून घे म्हणून पूर्वी माझ्यामागे भुणभुण करायची. मी नाही म्हटलं. उजेड अक्षरांच्या तक्त्यावर पडतो आणि डोळे तपासताना गिऱ्हाईक फसतं. आता म्हणत नाही. समजलं असेल.

१९ फेब्रुवारी

मित्रराजाचा कारभार मोठा मजेशीर आहे. शत्रू उत्तरेला दात ओठ खातोय आणि हा गृहस्थ आधी रस्ते दुरुस्त करतो. छावणीच्या आधी कोठार, कोठाराच्या आधी पाणी. आपल्या हद्दीतल्या रस्त्यापाशी थांबत नाही, माझ्या हद्दीतलाही मोडका रस्ता नीट करून देतो. सांगायला आलं होतं कोण? असं राज्य घर चालवल्यासारखं चालवता येत नाही. पण माझा फायदा होतो, म्हणून गप्प आहे.

त्याच्या चाली भर दुपारी येतात, दुकानात गिऱ्हाईक नसतं त्या वेळी. त्यालाही तेव्हाच सवड मिळत असणार. धंदा एकच ना.

जेवताना धाकटी म्हणाली, "दादा, तुझ्याशी जरा बोलायचं होतं." तेवढ्यात उत्तरेच्या राजाने 'पाव'च्या शेतांना आग लावली. मी म्हटलं, थांब. आग विझेपर्यंत ती भांडी घासायला गेली होती.

२४ फेब्रुवारी

आज मित्राच्या उपयोगी पडलो. डोंगरातले लुटारू 'खिडकी'वर चालून आले. त्याच्याकडे सैन्य म्हणजे नावाला, चार पहारेकरी. मी माझे भालाईत आणि रथ पाठवले, लुटारूंची दाणादाण उडवली आणि सैन्य तिथेच ठेवलं. मित्राच्या नगरात आपली शिबंदी असलेली बरी. त्याच्या रक्षणासाठीच.

धाकटीला सगळा प्रसंग सांगितला. तिने लक्ष देऊन ऐकलं. तिने खेळात इतका रस घ्यावा याचं मला जरा नवल वाटलं. मग म्हणाली, "लुटारू तर गेले ना? मग सैन्य परत का नाही आणलंस?"

"उद्या परत आले म्हणजे?"

"त्यांचं ते बघतील की."

"बघतील कसले. मी नसतो तर नगर जळालं असतं."

तिने आमटीचं पातेलं जवळ ओढलं. लढाईतलं बायकांना कळत नाही असं मी म्हणणार होतो, पण ताटात अजून वाढायचं राहिलं होतं.

२ मार्च

मित्राकडून दूत येऊ लागलेत. या खेळात दूत आला की आधी दाराशी उभा राहतो, आपण भेटायला होकार दिला तर निरोप उघडतो. मी एकदाही भेटलो नाही. दूत म्हणजे मागणं आलं. धान्य द्या, लाकूड द्या, वाट सोडा. शोधता शोधता एक सोय सापडली, सगळे दूत आपोआप परत पाठवायची. ती लावून टाकली. आता डोक्याला त्रास नाही.

दुपारी काचवाला आला होता. त्याला हे सांगितलं तर त्याचा चेहरा पडला. "दूतांना भेटत जा दादा," म्हणाला.

"का? तुम्हालाही मी दाराबाहेरच उभं करत होतो. बिघडलं का काही?"

"म्हणून तर सांगतोय."

तो समोर खुर्चीत बसलेला, दोन्ही हातांत चहाचा कप, आणि लॅपटॉप टुंग वाजला. त्याची चाल आली. मी म्हटलं, तुम्ही तर इथे बसलाय. तो जरा गडबडला, मग म्हणाला की सकाळी खेळलेली चाल यंत्र कधी कधी उशिरा पोचवतं. असेल. आमचं टपालही असंच आहे.

हल्ली तो मला साहेब न म्हणता दादा म्हणतो. धाकटीचं ऐकून सवय लागली असेल.

७ मार्च

काचवाला हे शहर सोडणार आहे. दुसऱ्या एका गावात स्वतःचं काचा घासायचं केंद्र काढतोय. जागा घेतली, यंत्रं आली, महिनाअखेरीला निघणार. माझ्या पलंगाशी बसून बराच वेळ टोपीशी चाळा करत होता. म्हणाला, "काम मोठं आहे. एकट्याने व्हायचं नाही. आपलं माणूस लागेल बरोबर."

मी म्हटलं, "मग जाहिरात द्या की."

त्याने टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाला, "हो, तेही आहे." जाताना खाली दुकानात बराच वेळ थांबला. हिशेब मिटवत असतील.

दुसरा काचवाला शोधावा लागणार. नवीन माणूस म्हणजे पुन्हा दारात उभं करण्यापासून सुरुवात.

११ मार्च

उत्तरेच्या राजाची राजधानी पडली. चार चाली वेढा घातला होता. शेवटी तटाखालून सुरुंग खणला आणि आत घुसलो. नकाशाचा जवळजवळ सगळा भाग माझ्या तांबड्या रंगाचा झालाय. मधोमध फक्त 'खिडकी'चा हिरवा ठिपका.

ते नगर वाढत का नाही, ते समजत नाही. पाणी आहे, कोठारं आहेत, रस्ते तर माझ्यापेक्षा चांगले. तरी माणसं तेवढीच आणि दुसरं नगर वसवायचं नाव नाही. काही राजांना महत्त्वाकांक्षाच नसते.

विजयाची बातमी द्यायला धाकटीला हाक मारली. ती आली आणि पलंगाच्या कडेला बसली, म्हणाली, "दादा, आता लढाई संपली ना? मग पाच मिनिटं ऐक माझं."

"बोल ना."

ती सुरुवात कुठून करावी ते शोधत होती. बोटाला काच लागली होती, त्यावरची पट्टी काढत-लावत होती. मला वाटलं दुकानाचं काही असेल, म्हणून मीच विचारलं, "फ्रेमवाल्याने पुन्हा वाकड्या दांड्या पाठवल्या का? त्याला मी फोन करतो." मग फ्रेमवाल्याविषयी माझं जे मत आहे ते सांगितलं. ते सांगायला वेळ लागतो. माझं झालं तेव्हा ती उठली होती.

"राहिलं का काही?" मी विचारलं.

"नाही. तुझं होऊ दे," ती म्हणाली.

तिचा आवाज जरा बसल्यासारखा वाटला. दुकानात धूळ फार उडते.

१५ मार्च

डॉक्टरांनी घरी येऊन प्लास्टर काढलं आणि छोटं घातलं. कुबड्या दिल्या. जिना अजून नाही.

जिंकण्यासारखं काही उरलं नाही. 'शून्य'पासून 'साडेतीन'पर्यंत सगळी नगरं उघडून बघितली. सगळीकडे कोठारं भरलेली, शिपाई तटावर बसलेले. कुठे काही मागणी नाही, तक्रार नाही. दूत तर मीच बंद केलेत. दुपारभर टुंग कधी वाजतंय याची वाट बघत बसलो. हे लिहायचं नव्हतं, पण घडलं म्हणून लिहिलं.

१९ मार्च

आज जिना उतरलो. डॉक्टरांना सांगायचं नाही. कुबड्या वर ठेवल्या आणि लहान पोरासारखा बसून एकेक पायरी खाली सरकलो. मला दुकान बघायचं होतं. इतक्या दिवसांत तिथे काय गोंधळ झाला असेल, हा एकच विचार डोक्यात होता.

गोंधळ नव्हता. आमचा जिना दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात उतरतो, धाकटीच्या घासायच्या यंत्रापाशी. मी शेवटून तिसऱ्या-चौथ्या पायरीवर होतो. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. फ्रेमा रांगेत, काउंटर पुसलेला. धाकटी माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसली होती आणि तिच्यासमोर दुकानाच्या कॉम्प्युटरवर माझा खेळ चालला होता.

माझाच, पण मित्रराजाच्या बाजूने. मी आजवर तो नकाशा माझ्याच बाजूने बघितला होता. तिच्या पडद्यावर मधोमध 'खिडकी' होती. छोटं, नीटनेटकं गाव, चौकात विहीर, रस्त्याच्या दोन्ही कडांना झाडं. आणि गावभर माझे शिपाई. दारात, विहिरीवर, कोठारासमोर, प्रत्येक वळणावर तांबड्या ढाली. माझ्या पडद्यावर ती शिबंदी म्हणजे कोपऱ्यातलं एक निशाण होतं. गावाच्या नावाखाली लाल अक्षरांत एक सूचना होती. परक्या राजाची शिबंदी गावात असेपर्यंत नवं नगर वसवता येणार नाही. ही सूचना मला कधी दिसली नव्हती. ज्याचं सैन्य असतं त्याला ती दाखवत नसावेत.

तिने दूत पाठवला. तो घोड्यावर बसून निघाला, तिच्या रस्त्याने, मग माझ्या रस्त्याने, 'शून्य'च्या वेशीपर्यंत गेला आणि लगेच उलटा फिरला. पडद्यावर अक्षरं आली की आपला दूत दारातूनच परत आला. त्याखाली आधीच्या परत आलेल्या दूतांची चित्रं रांगेने होती. बरीच होती.

मला वाटलं ती चिडेल, काहीतरी पुटपुटेल. तिने तसलं काही केलं नाही. खेळ मिटवला, एक फ्रेम घेतली, काचेवर खूण केली आणि यंत्र सुरू केलं. त्या कोपऱ्यात दिवसाही दिवा लावावा लागतो. काम करताना ती मान किती खाली घालते ते मी इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं.

तिच्या यंत्रामागच्या खिळ्याला एक टोपी अडकवलेली होती. काचवाल्याची. विसरलेली वाटत नव्हती. तिच्याशेजारी तिची पिशवी टांगलेली होती, रोजच्या जागेवर टांगावी तशी.

वर चढायला फार वेळ लागला.

२० मार्च

तिच्या लग्नाचं पूर्वी दोनदा निघालं होतं. पहिल्यांदा दुकान नवीन होतं आणि दुसऱ्यांदा दुकान नुकतं चालायला लागलं होतं. तिने दोन्ही वेळा मला विचारलं होतं का, ते आज आठवून बघितलं. विचारायला आली होती एवढं आठवतं. पुढचं सगळं मीच बोललो असणार.

दूत परत पाठवायची सोय काढून टाकली. मग टुंगची वाट बघितली. दुपार गेली, चाल आली नाही, दूतही आला नाही. आता तो येणारच नाही असं वाटलं आणि मला भीती वाटली. सुरुंगाच्या वेळीही वाटली नव्हती.

संध्याकाळी वाट बघणं सोडलं. माझ्याकडे कोणी मागितलंच पाहिजे असं कुठे आहे? 'खिडकी'तल्या शिबंदीवर बोट ठेवलं आणि माघारीचा हुकूम दिला. यंत्राने विचारलं की मित्राचं नगर आपल्या संरक्षणाशिवाय राहील, खात्री आहे का. खात्री नव्हती. हो म्हटलं.

२१ मार्च

दुपारी धाकटी वर आली. दुकान उघडं टाकून ती कधी येत नाही. दारात उभी राहून म्हणाली, "तुझं सैन्य निघालं."

"हो."

"का?"

"तिथे त्याचं काम नव्हतं."

ती दोन पावलं आत आली. "तुला कधी कळलं?"

"परवा. मी जिन्यात होतो."

"तू जिना उतरलास? त्या पायाने?" आणि मग जे सुरू झालं ते विचारू नये. अक्कल गहाण टाकलीस का, पुन्हा पडला असतास तर कोण उचलणार होतं, डॉक्टरांना काय सांगणार होतास. चांगली तोंडभरून बोलली. मला बरं वाटत होतं.

बोलून दमली आणि खुर्चीत बसली, काचवाला बसतो त्याच. मी लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला आणि म्हटलं, "आता बोल."

"काय बोलू? तुला कळलंच आहे सगळं."

"मला काही कळलेलं नाही. तू सांग."

मग तिने सांगितलं. तो तिला पहिल्यांदा काय म्हणाला, ती काय म्हणाली, लगेच हो का नाही म्हटलं. त्या गावातली जागा ती एकदा बघून आली, मला खोटं सांगून, त्याचं तिला फार वाईट वाटत होतं. खेळाची कल्पना त्याची. तुझा भाऊ माणसांचं ऐकत नसेल तर राजांचं ऐकेल, असं तो म्हणाला होता. "पण तू तिथेही दार लावून घेतलंस," ती म्हणाली आणि रडली. मीही थोडा रडलो. तिला दिसू नये म्हणून पंख्याकडे बघत होतो.

मध्ये बोलण्यासारख्या जागा पुष्कळ होत्या. 'मग दुकानाचं काय?' हे वाक्य दोनदा जिभेवर आलं आणि दोन्ही वेळा गिळलं. शेवटी तिनेच विचारलं, "दुकानाचं कसं करशील?"

"होईल," मी म्हटलं.

"आणि जेवायचं?"

"तेही होईल."

"तुला अंडं उकडता येत नाही, दादा."

"शिकेन. सुरुंग खणायलाही शिकलोच की."

ती हसली. खाली गिऱ्हाईक घंटी वाजवत होतं, तरी बराच वेळ उठली नाही.

३१ मार्च

दोघांनी सकाळी देवळात लग्न केलं, कचेरीत नोंदवलं आणि दुपारी निघाले. साक्षीदार म्हणून मी सही केली. काचवाल्याला आता काय म्हणायचं ते ठरत नाहीये. गाडीत बसण्याआधी त्याने पुन्हा विचारलं, "दादा, येताय ना आमच्याकडे? आठ दिवस राहा." मी म्हटलं, "दारात उभं करणार असाल तर येतो." त्याने मला मिठी मारली, कुबडीसकट.

घर होतं तसंच आहे. तिची चादर घडी घालून ठेवलीय.

२३ एप्रिल

दुकान उघडतो. डोळे मी तपासतो, काचा घासायला माणूस मिळालेला नाही. आज एक काच स्वतः घासली आणि कडेला टवका उडवला. दुसरी घेतली. तिच्या स्टुलावर बसून काम करताना कळलं की तिथे खरोखर काही दिसत नाही. गवंड्याला बोलावलंय. तक्ता दुसऱ्या भिंतीवर लावता येतो, त्याला काही होत नाही.

दुपारी काउंटरवर ठेवलेला लॅपटॉप टुंग वाजला. 'खिडकी'च्या पूर्वेला दोन नवी नगरं वसली आहेत. एक दूत आला होता. लगेच भेटलो. निरोप उघडला तर मागणं काहीच नव्हतं. आपली खुशाली कळवावी, एवढंच. असेही दूत असतात हे मला माहीत नव्हतं. त्याला उत्तर कसं पाठवायचं ते यंत्रात शोधत बसलो, सापडेना. मग फोन केला.

"दादा? काय झालं?" ती घाबरूनच बोलली. मी आपण होऊन तिला कधी फोन केलेला नाही, म्हणून असेल.

"काही नाही. दूत पोचला."

"मग?"

मला पुढे काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत तिला मी सांगितलं पुष्कळ, विचारलेलं काही आठवेना. म्हटलं, "तिथे तू बसतेस तिथे उजेड कसा आहे?"

तिने तिकडचं यंत्र बंद केलं, ते ऐकू आलं. मग सांगायला लागली. खिडकी पूर्वेला आहे, सकाळचं ऊन थेट यंत्रावर येतं, दुपारी समोरच्या शाळेतल्या मुलांचा आवाज येतो. काउंटरपाशी एक बाई चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून उभ्या होत्या. मी त्यांना हाताने थांबा म्हटलं आणि ऐकत राहिलो.